धुतलेल्या बाटल्या

मी बदलापूरच्या एका शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते, आणि मला उष्टं चालत नाही. यातली पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगते. दुसरी आजवर कुणाला सांगितली नव्हती, कारण स्टाफरूममध्ये लिंबू-मिरचीचा, मंगळवारचा किंवा आडव्या गेलेल्या मांजराचा विषय निघाला की सगळ्यात आधी खिल्ली उडवणारी मीच असते. एका नव्या शिक्षिकेने ग्रहण सुटेपर्यंत डबा उघडला नाही, तर मी तिला इतकं छेडलं की पुढचे चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पण दुसऱ्याने तोंड लावलेली बाटली समोर आली की माझा हात मागे जातो. अंबरनाथला लहानपणी आई आम्हाला तांब्यातून वरून पाणी प्यायला लावायची. नाकात गेलं तरी चालेल, ओठ टेकता कामा नये. आईचं बाकी सगळं मी सोडलं, एवढं राहिलं. त्याने कुणाचं काही बिघडत नाही असं मी धरून चालले होते.

आमच्या शाळेत दरवर्षी विज्ञान सप्ताहात नववीच्या मुली पाण्याची रॉकेटं उडवतात. हे मी सुरू केलं आणि त्याचा मला भारी गर्व होता. कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्यायची, तिच्यात एक तृतीयांश पाणी भरायचं, तोंडाला व्हॉल्व्ह बसवलेलं रबरी बूच घट्ट लावायचं, बाटली उलटी करून स्टँडवर अडकवायची आणि पायाच्या पंपाने आत हवा भरायची. दोरी ओढली की अडकण सुटते, दाबून भरलेली हवा पाण्याला खाली फेकते आणि बाटली वर जाते. दरवर्षी एक तरी मुलगी विचारते, बाई, नुसती हवा भरली तर? मी तिला सांगते, चाकं लावलेल्या पाटावर उभी राहा, आधी एक उशी जोरात पुढे फेक, मग एक वीट फेक, आणि कशाने जास्त मागे जातेस ते बघ. जड वस्तू एका बाजूला वेगाने फेकली की आपण दुसऱ्या बाजूला जातो, रॉकेटचं सगळं गुपित एवढंच आहे. पण पाणी जास्त झालं तर हवेला जागा उरत नाही आणि रॉकेट जेमतेम गुडघ्याएवढं उडून सगळ्यांना भिजवतं. प्रमाण जमलं तर ते शाळेच्या तिसऱ्या मजल्याच्या वर जातं आणि मुली बेंबीच्या देठापासून ओरडतात.

हे झालं फळ्यावरचं. मैदानात रॉकेट उडायचं ते प्रयोगशाळेतल्या मामांमुळे. शाळेत शिपायांना मामा म्हणायची पद्धत आहे, तसे हेही सगळ्यांचे मामा. पन्नाशी ओलांडलेले, इथल्याच खरवई गावचे, आगरी. त्यांची जमीन बिल्डरकडे गेली आणि बदल्यात गावातच फ्लॅट मिळाले. मुलगाही कमावता झाला. घर चालवण्यासाठी त्यांना नोकरीची गरज नव्हती. तरी ते एजन्सीच्या कंत्राटावर शाळेत येत होते, कारण त्यांना प्रयोगशाळा आवडायची. शिक्षकांना सापडत नसलेलं भिंग ते न बघता काढून द्यायचे. मी चिडले की ते गप्प राहून काम करत राहायचे, आणि माझा राग ओसरल्यावर चहा आणून ठेवायचे. मी बऱ्याचदा चिडते, त्यामुळे मला बऱ्याचदा चहा मिळायचा.

शाळेत येण्याआधी मामा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. तिथे लोखंडी टाक्या बनायच्या, आणि टाकी दाबाला टिकते की नाही हे तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथली पद्धत त्यांनी आमच्या बाटल्यांना लावली. नवी बाटली आली की ती गळ्यापर्यंत पाण्याने भरायची, मग पंपावरच्या दाबाच्या काट्यावर सहा येईपर्यंत हवा मारायची. टिकली तर तिच्यावर मार्करने ‘६’ लिहायचं. उडवताना मात्र चारच्या वर जायचं नाही.

“पाणी भरूनच का तपासायची, मामा?” असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं.

“पानी दाबला जात नाय ना, म्याडम. बाटली फाटली तरी नुसती गळल. हवा दाबली जाते, मंग ती दाब धरून बसते. फाटली क अंगावर येते.”

हे वाक्य मी दुसऱ्याच दिवशी वर्गात सांगितलं, जसंच्या तसं. त्यांचं नाव घेऊन सांगितलं, हे मला आता आठवून बरं वाटतं. बाकी आठवणीत बरं वाटण्यासारखं फार नाही.

गेल्या वर्षीच्या रॉकेटांसाठी मला एकाच जातीच्या, एकाच मापाच्या बाटल्या हव्या होत्या. मुलींनी घरून आणलेल्या बाटल्या दहा तऱ्हेच्या असतात, मग कुणाचं रॉकेट का उंच गेलं हे ठरवता येत नाही. मी आणि मामा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेलो. व्हॉल्व्ह आणि रबरी बुचं तिथे एका गल्लीत मिळतात, आणि त्या गल्लीच्या टोकाला एक भंगारवाला आहे. त्याच्या दुकानात बाटल्यांची पोती होती.

“ले जाओ दीदी, एक ही शादी का माल है,” तो सिंधी दुकानदार म्हणाला. “सब सेम टू सेम.”

मामांनी एकेक बाटली उजेडाला धरून, दाबून, वास घेऊन चोवीस निवडल्या. मी दोन हात लांब उभी होते. एका लग्नातली चोवीस अनोळखी तोंडं माझ्या डोळ्यांपुढे येत होती.

शुक्रवारी मामांनी सगळ्या बाटल्या पाणी भरून तपासल्या. चोवीसच्या चोवीस सहाला टिकल्या. त्यांनी प्रत्येकीवर आकडा घातला आणि मुलींनी पंख कापायला घेतले. तेवढ्यात एका मुलीने बाटली तोंडाशी नेली आणि तिच्यात फुंकर मारून भोंगा वाजवला. मग दुसरीने वाजवला. मग सगळ्यांनी. मुलींना त्यात इतकी मजा येत होती आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं. “ठेवा त्या खाली!” मी इतक्या जोरात खेकसले की शेजारच्या वर्गातून बाई बघायला आल्या. पिशव्यांत न मावलेल्या सहा बाटल्या शाळेत कपाटावर राहिल्या, बाकी अठरा मी दोन पिशव्यांत कोंबल्या आणि बेलवलीला घरी घेऊन गेले.

शनिवारी मी कढत पाणी केलं, त्यात धुण्याचा सोडा मुठी-मुठीने टाकला आणि बाटल्या रात्रभर भिजत घातल्या. रविवारी आमच्याकडे पाणी येत नाही. साठवलेलं पाणी जपायचं म्हणून मी त्या एकदाच विसळल्या आणि गॅलरीत उपड्या घातल्या. त्या नव्यासारख्या लखलखत होत्या. मार्करचे आकडे निघून गेले होते. कढत पाण्याने एक-दोन बाटल्यांची कंबर जराशी आत गेली होती, तेही मी पाहिलं. पाहिलं आणि मला काही वाटलं नाही. मन स्वच्छ झालं होतं.

सोमवारी मैदानात मामांनी पहिली बाटली हातात घेऊन फिरवली. “सहाचा आकडा कुठं गेला?”

“धुतल्या मी. त्याच आहेत. चला मामा, मुली उन्हात उभ्या आहेत.”

त्याच आहेत म्हटल्यावर त्यांनी बाटली स्टँडवर चढवली.

पहिली दोन रॉकेटं सुरेख गेली. तिसऱ्याच्या वेळी मामा नेहमीसारखे पंपाशी उकिडवे बसले होते. आमच्या पंपाची नळी आखूड. लांब नळी आणून द्या असं ते दोन वर्षं म्हणत होते आणि मी दोन वर्षं आणते म्हणत होते. मुली दोरीच्या पलीकडे होत्या. त्यांनी उलटे आकडे मोजायला सुरुवात केली होती. बाटली सुटायच्या आधीच फुटली. फटाक्यासारखा आवाज झाला, पाणी उडालं आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हाही खेळाचाच भाग आहे. मग मामा एका कुशीवर पडलेले दिसले. भुवईतून रक्त येत होतं आणि उजवा कान त्यांनी तळहाताने गच्च दाबून धरला होता.

टाके पडले. कानाला पट्टी बांधली. मामा बरे होतील, असं डॉक्टर म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी ते लगेच मान्य केलं. पण एका मुलीने फोनवर घेतलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फिरला. पंपाजवळ आपली मुलगी असती तर, हे वाक्य आलं. आणि चौकशी समिती नेमली गेली. मुख्याध्यापिका, संस्थेचे एक सदस्य, आणि एक पालक, जे इंजिनिअर होते.

समितीने मामांना विचारलं, काट्यावर किती होतं?

“चार. चारलाच थांबलू.”

काटा फक्त त्यांनाच दिसत होता. व्हिडिओत त्यांची पाठ होती. इंजिनिअर पालकांनी शांतपणे हिशोब मांडला. शुक्रवारी हीच बाटली सहाला टिकली, असं तुम्हीच सांगता. मग सोमवारी ती चारला कशी फुटेल? म्हणजे सोमवारी सहाच्या वर दाब गेला. मामांच्या काळजीपूर्वक केलेल्या तपासणीनेच त्यांना कोंडीत पकडलं होतं. त्यांनी काहीच तपासलं नसतं तर बाटलीच कच्ची होती असं तरी म्हणता आलं असतं.

मग इंजिनिअर पालक माझ्याकडे वळले. “मॅडम, विज्ञानाच्या दृष्टीने हे शक्य आहे?”

“नाही,” मी म्हणाले. “सहाला टिकलेली बाटली चारला फुटत नाही.”

“मधल्या दोन दिवसांत बाटल्यांना काही केलं होतं?”

“नाही. काही नाही.”

मी खोटं बोलले नाही. कुणीही माझ्यावर विश्वास ठेवू नये, तरी लिहिते: त्या क्षणी मला धुणं आठवलंच नाही. धुणं हे काही ‘केलेलं’ असतं का? आपण भाजी धुतो, हात धुतो, पाय धुऊन घरात येतो. धुतल्याने वस्तू मूळ होती तशी होते, असं माझं डोकं समजत होतं. मामाही समोर बसले होते. मी धुतल्याचं त्यांना माहीत होतं, पण त्यांच्याही तोंडून ते निघालं नाही. त्यांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नसणार.

समितीला कुणाला घालवायचं नव्हतं. मुख्याध्यापिका त्यांना अगदी मायेने म्हणाल्या, “मामा, गडबडीत दोन-चार वेळा जास्त पाय पडला असेल. माणूस आहे. तेवढं लिहून द्या, विषय इथेच संपवू.”

“नाय पडला,” मामा म्हणाले. “चारलाच थांबलू.”

तीनदा विचारलं, तीनदा तेच. शेवटी संस्थेच्या सदस्यांचा आवाज चढला. अपघात समजू शकतो, पण खोटं बोलणारा माणूस मुलींच्या शाळेत नको. एजन्सीला तसं कळवलं गेलं.

त्या दिवशी मी व्हरांड्यात मामांना गाठलं. मला त्यांचाच राग आला होता. “कबूल करून टाकायचं ना, मामा! कशाला ताणलंत? शाळा गेली ना हातची!”

ते माझ्याकडे बघत राहिले. “तुमी पन?” एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढे महिनाभर मी शिकवत राहिले. कपाटात भिंगं सापडत नव्हती. नवा माणूस आला, तो दर तासाला फोनवर असायचा. चिडल्यावर मला कुणी चहा देत नव्हतं. मामांची आठवण मी अशी आपल्या सोयीने काढत होते.

अठरा बाटल्यांतल्या दोन घरी राहिल्या होत्या. स्वच्छ आहेत म्हणून मी त्यांत प्यायचं पाणी भरून ओट्यावर ठेवायची. एका सकाळी ओटा पुसताना एका बाटलीखाली ओलं वर्तुळ दिसलं. पुसलं, तासाभराने परत दिसलं. बाटली उचलून उजेडाला धरली. बुडाला, मधल्या गाठीभोवती, केसासारख्या बारीक रेघा होत्या. जुन्या कपबशीच्या चकाकीवर पडतात तशा. दुसऱ्या बाटलीलाही होत्या.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. शाळेला उशीर होत होता. त्या रेघांकडे बघताना मला त्या शनिवारच्या कढत पाण्याची वाफ आठवली.

या प्लास्टिकला कडक सोडा सोसत नाही. त्याने ते आतून कुरतडलं जातं, आणि त्यावर ताण आला की बुडाशी तडे जातात. सोडा नीट विसळला गेला नाही तर तो वाळून तिथेच बसतो आणि काम करत राहतो. कढत पाण्याने ते आधीच ढिलं झालेलं असतं. हे मी त्या दिवशी शाळेतून येऊन वाचलं. वाचलं नसतं तरी रेघा पुरेशा होत्या.

तरी मी शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, प्रयोगशाळेत एकटी बसून तपासलं. मुलींना शिकवते तसंच केलं: एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. घरची धुतलेली बाटली गळ्यापर्यंत पाण्याने भरली, सिंकमध्ये धरली आणि पंप मारला. काटा चारच्या जरा अलीकडे असताना बूड फाटलं. फट् असा अगदी लहान आवाज झाला आणि पाणी सिंकमध्ये वाहून गेलं. मग कपाटावरच्या सहांतली एक घेतली. तिच्यावर मामांच्या हातचा ‘६’ अजून होता. ती सहाला टिकली. मी साडेसहापर्यंत गेले, तरी टिकली. मग उरलेल्या पाचांतल्या दोन घरी नेऊन तशाच धुतल्या, कढत पाणी, मुठी-मुठीने सोडा, रात्रभर, एकदाच विसळून. दोन दिवसांनी त्याही चारच्या आसपास गेल्या.

शंकेला जागा नव्हती. मामा चारलाच थांबले होते.

आता मी काय करायला हवं होतं हे सांगायला विज्ञानाची गरज नाही. त्याच दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत जायचं होतं. दहा पावलांचं अंतर. मी गेले नाही. त्या आठवड्यात पर्यवेक्षक पदासाठी माझं नाव पुढे गेलं होतं, हे एक कारण. पण खरं कारण त्याहून हलकं आहे आणि लिहायला जास्त जड आहे. सोडा का घातला, असं कुणीतरी विचारणार होतं. घाण होत्या का बाटल्या? नाही, मामांनी विसळल्याच होत्या. मग? मग मला सांगावं लागणार होतं की लग्नात कुणी तोंड लावलं असेल म्हणून. ग्रहणात डबा न उघडणारी ती शिक्षिका त्या खोलीच्या बाहेरच बसते. तिचा चेहरा मला दिसत होता. एका माणसाची खरी गोष्ट खोटी ठरली होती, आणि मला भीती वाटत होती ती हशाची.

मी रोज उद्या म्हणत राहिले. पुढचा सोमवार, मग परीक्षेनंतर, मग निकालानंतर. वर्गात न्यूटन आला की मी धडा पटकन उरकायची. एका मुलीने विचारलं, बाई, मामांनी खरंच जास्त हवा भरली होती का? मी तिला म्हणाले, अभ्यासाला लाग.

शेवटी एका गुरुवारी दुपारी, दोन तास मोकळे होते तेव्हा, रिक्षा करून मी खरवईला गेले. आधी मामांना सांगू, मग शाळेत, असं ठरवलं होतं. हेच शोभून दिसेल असं मनाला समजावलं. मनात खोल कुठेतरी अशी आशा होती की मामा म्हणतील, जाऊ द्या म्याडम, झाला ते झाला, आणि मग शाळेत सांगायची गरजच पडणार नाही.

इमारत नवी होती. लिफ्टचं काम चालू होतं, मी तीन जिने चढून गेले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. “या बाई,” म्हणाली आणि आत स्वयंपाकघरात गेली. मामा सोफ्यावर बसले होते. भुवईवरची खूण पांढरी पडली होती. मला बघून ते उठायला लागले, मी बसा म्हटलं आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली.

वाटेत घोकलेलं सगळं मी खालच्या आवाजात बोलून टाकलं. स्वयंपाकघरात ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या. बाटल्या मी सोड्यात धुतल्या होत्या, सोड्याने तडे गेले, तुम्ही चारलाच थांबला होतात, मी तपासून बघितलं, समितीपुढे मी चुकीचं बोलले, मला माफ करा. मामा माझ्याकडे बघून मान डोलवत होते. मधूनच हसत होते. “हाव, हाव,” म्हणाले. त्यांनी किती सहज घेतलं! माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला रडू यायला लागलं होतं.

त्यांची बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने माझी खुर्ची पाहिली. “त्या कानानं ऐकू नाय येत त्यांना, बाई. ती बाजू गेली. हिकडं डावीकडं बसा न मोठ्यांदा बोला. उगाच मान हलवतात ते.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, मी कुणाला विचारलं नव्हतं.

मी खुर्ची उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली. मामा ओशाळून हसले. “थोडा थोडा कमी येतो या बाजूला पन,” ते म्हणाले. “काय बोलत होत्या तुमी?”

पुन्हा सगळं बोलायचं होतं, आणि आता ओरडून. मामांनी डावा कान पुढे केला. मग मी ओरडले. “बाटली माझ्यामुळे फुटली, मामा! मी सोड्यात धुतली होती! तुम्ही चारलाच थांबला होतात!” तीन मजले खालपर्यंत गेलं असेल. लिफ्टवाल्यांची ठोकाठोक थांबली.

मामांचा चेहरा हळूहळू बदलला. “चारला फुटली?”

“चारला! मी तपासून बघितलं! त्याच्याही थोडी आधी!”

ते बायकोकडे वळले. “आयकला?”

ती ट्रे हातात घेऊन तशीच उभी होती. मग तिने तो जमिनीवर ठेवला आणि स्वतःही तिथेच बसली. “दोन महिनं मी यांना बोलते, कबूल करा, निदान मना तरी खरा सांगा,” ती मला म्हणाली. “गावदेवीपुढं उभं राहून बोलले हे, चारलाच थांबलू. तरी मना पटला नाय, बाई. शिकलेली मानसा बोलतात तर यांचाच काय चुकला असल, असाच वाटला.” तिने पदर तोंडाला लावला. मामा तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात रागही होता आणि सुटकाही. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

मग त्यांनी मला विचारलं, “तुमाला कधी कळला हे?”

काल, असं म्हणता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. मी खाली बघत म्हणाले, “तीन आठवडे झाले.”

“कवा?” त्यांनी कान आणखी जवळ आणला.

“तीन आठवडे झाले, मामा!” मी ओरडले. “तीन आठवड्यांपूर्वी कळलं!”

मामांनी चहाच्या कपाकडे पाहिलं आणि तो उचलला नाही. ते उठून आतल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता मी निघावं. पण ते शाळेत घालायचे तो खाकी शर्ट घालून बाहेर आले. बटणं लावत दाराशी गेले आणि चपला पायात सरकवल्या.

“चला,” ते म्हणाले. “आता असाच मोठ्यांदा तिथं बोला.”

घड्याळात साडेतीन वाजले होते आणि शाळा साडेपाचला सुटते. आज उशीर झाला असं म्हणायलाही मला जागा नव्हती. जिना उतरून आम्ही रस्त्याला लागलो, तेव्हा मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले.